तेरा धुतांगे, आपले भिक्खू आणि आपण

गेल्या वर्षावासात आमच्या वसाहतीच्या बुद्धविहारात एक तरुण भन्ते तीन महिने मुक्कामाला होते. त्या काळात एक लहानसा प्रसंग घडला आणि त्यावरून संस्थेच्या दोन बैठका गाजल्या. प्रसंग असा. पौर्णिमेचा दिवस होता. भन्तेंना भोजनदान द्यायला पाचसहा घरांतून डबे आले होते. भन्तेंनी सगळे एकाच भिक्षापात्रात घेतले, त्यात भात, भाजी आणि गोडही आले, आणि ते जेवायला बसले. दोनचार घास झाले असतील तोच वस्तीतल्या एक वयस्कर उपासिका, ज्यांना सगळे आजी म्हणतात, खिरीचे पातेले घेऊन धापा टाकीत आल्या. ऐनवेळी गॅस संपल्याने त्यांना उशीर झाला होता. त्यांनी ओगराळ्याने खीर वाढायला हात पुढे केला आणि भन्तेंनी मान खाली घालून आपल्या पात्रावर हात आडवा धरला. आजी पातेले घेऊन तशाच मागे फिरल्या. बाहेर ओट्यावर बसून एवढेच म्हणाल्या, "माझ्या हातचं नको झालं व्हय?"

ज्यांच्या आईबापांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जात होते, त्या बाईला आडवा आलेला हात कसा लागला असेल, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

बैठकीत दोन तट पडले. तरुण मंडळी म्हणाली की, तथागतांनी देहदंडाचा मार्ग सोडून दिला, मध्यम मार्ग सांगितला, मग हे एकवेळ खाणे आणि हात आडवा धरणे कशासाठी? उपासतापास आपण १९५६ साली नागपूरला सोडून आलो ना? दुसऱ्या बाजूला काही जुने उपासक म्हणाले की, हेच खरे भन्ते. गाडीतून येऊन दक्षिणा मोजून जाणारे आम्ही पुष्कळ पाहिले. वाद वाढत गेला, पण भन्ते जे पाळत होते त्याचे नाव काय, ते कुठून आले आणि त्याचे नियम काय, हे दोन्ही बाजूंपैकी कोणालाच नीट सांगता येईना. आम्हालाही येईना. आम्ही काही पालीचे पंडित नव्हे. पदवीला पाली हा एक विषय होता, तेवढीच शिदोरी. तरी त्यानंतर काही महिने सुट्टीच्या दिवशी बसून जे वाचले, ते संस्थेच्या सभासदांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

भन्ते जे पाळत होते त्याला पालीत 'धुतंग' म्हणतात. मराठीत आपण धुतांग म्हणू. हा शब्द पाहून आपल्याला धुणे आठवते, पण इथला 'धुत' म्हणजे झटकून टाकलेला. ओला कुत्रा अंग झटकतो तसे चित्ताला चिकटलेले क्लेश झटकून टाकण्याची अंगे, ती धुतांगे. ती तेरा आहेत. मिलिंदपञ्ह या ग्रंथात ही तेरा येतात, आणि त्यांचे सर्वात सविस्तर विवेचन आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाविहारात लिहिलेल्या विसुद्धिमग्गाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. या ग्रंथाशी आपले मराठी नातेही आहे. गोव्याच्या सांखवाळ गावी जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी आयुष्याची कितीतरी वर्षे विसुद्धिमग्गाच्या संपादनात घालवली, त्यासाठी ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठापर्यंत गेले आणि १९४० साली मुंबईहून त्याची देवनागरी आवृत्ती निघाली. पालीचा थोडासा सराव असलेल्या विद्यार्थ्याला हा ग्रंथ उघडायला हरकत नाही. वाटतो तितका तो अवघड नाही.

पुढे जाण्याआधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. दुपारनंतर न जेवणे हे धुतांग नव्हे. तो विनयाचा नियम आहे, सगळ्याच भिक्खूंना लागू आहे आणि मोडला तर आपत्ती होते, म्हणजे दोष लागतो. धुतांग तसे नाही. ते कोणी घ्यावे असा नियम नाही, घेतले नाही म्हणून भिक्खू उणा ठरत नाही आणि घेऊन मोडले तर धुतांग तुटते, पण आपत्ती होत नाही. ज्याचे ध्यान धुतांगाने वाढते त्याने ते घ्यावे, ज्याचे घटते त्याने घेऊ नये, असे बुद्धघोष स्पष्ट सांगतात. आपल्याकडच्या व्रतवैकल्यांशी त्याची गाठ घालू नये. इथे देव प्रसन्न व्हायचा नाही, नवस फेडायचा नाही आणि उद्यापनही नाही.

आता ही तेरा कोणती ते पाहू. पहिली दोन वस्त्राची. पंसुकूलिक म्हणजे टाकून दिलेल्या चिंध्या वेचून त्यांचे चीवर करणारा, आणि तेचीवरिक म्हणजे तीन चीवरांखेरीज चौथे न बाळगणारा. पुढची पाच अन्नाची. पिंडपातिक भिक्षेवरच राहतो, आमंत्रणे घेत नाही. सपदानचारिक ओळीने घरोघर जातो, एकही घर गाळत नाही. एकासनिक दिवसातून एकाच बैठकीत जेवतो. पत्तपिंडिक एकाच पात्रात घेतो. आणि सातवा खलुपच्छाभत्तिक, हे लांबलचक नाव विद्यार्थ्यांना फार गमतीचे वाटते. खलु नावाच्या पक्ष्याच्या चोचीतून फळ पडले की तो पुन्हा दुसरे खात नाही, असे अट्ठकथा सांगते. तसा एकदा 'पुरे' म्हटल्यावर नंतर आलेले न घेणारा. मग निवासाची पाच : रानात राहणारा आरञ्ञिक, झाडाखाली राहणारा रुक्खमूलिक, उघड्यावर राहणारा अब्भोकासिक, स्मशानात राहणारा सोसानिक, आणि जी जागा वाट्याला येईल तीत समाधान मानणारा यथासंथतिक. शेवटचे तेरावे नेसज्जिक. हा आडवा होत नाही. बसतो, उभा राहतो, चालतो, पण पाठ टेकून झोपत नाही.

प्रत्येक धुतांगाच्या तीन पायऱ्या आहेत : उत्कृष्ट, मध्यम आणि मृदू. पंसुकूलिकात उत्कृष्ट तो, जो स्मशानात टाकलेलेच वस्त्र घेतो. मध्यम तो, जो 'कोणी भिक्खू घेईल' म्हणून वाटेत ठेवलेले घेतो. मृदू तो, जो पायाशी आणून ठेवलेलेही घेतो. रानात राहणारा उत्कृष्ट असेल तर बारा महिने त्याची पहाट रानातच उजाडली पाहिजे, मध्यम पावसाळ्याचे चार महिने गावाजवळ राहू शकतो, मृदू हिवाळ्यातही. रान म्हणजे किती दूर, याचेही माप आहे : गावाच्या वेशीपासून निदान पाचशे धनुष्ये. आमच्या प्रसंगाची किल्ली याच पायऱ्यांमध्ये सापडली. एकासनिकाच्या उत्कृष्ट पायरीवरच्या भिक्खूने अन्नाला एकदा हात लावला, की मग पात्रातले अन्न थोडे असो की पुष्कळ, तो आणखी काही घेत नाही. मध्यम पायरीवरचा, पात्रातले संपेपर्यंत आणखी घेऊ शकतो. म्हणजे आमचे भन्ते मध्यम पायरीवर असते तर आजींची खीर त्यांच्या पात्रात पडली असती! ज्या गोष्टीला आम्ही अपमान समजलो, ती एका नियमाची बारीक रेघ होती.

या सूचना लिहिणारी माणसे किती व्यवहारी होती, हे पाहायचे तर सोसानिकाचे वर्णन वाचावे. स्मशानात राहू इच्छिणाऱ्या भिक्खूने तिथली झाडे, दगड, वारुळे दिवसाउजेडी नीट पाहून ठेवावीत, म्हणजे रात्री तीच भयंकर रूपे घेऊन समोर येणार नाहीत. रात्री ओरडत फिरणाऱ्या कशावरही दगड मारू नये. जातायेता मोठ्या रस्त्याने न जाता आडवाटेने जावे. भुताखेतांच्या गोष्टींत वाढलेल्या समाजाला हे दीड हजार वर्षांपूर्वी सांगितले गेले, की भीती कुठून येते ते दिवसा जाऊन पाहून या. अमावास्येला घराबाहेर न पडणारे सुशिक्षित आजही आपण पाहतोच.

आता तरुणांच्या मुख्य आक्षेपाकडे वळू. तथागतांनी देहदंड नाकारला हे पूर्ण खरे आहे. उरुवेलेच्या रानात त्यांनी सहा वर्षे स्वतः तो करून पाहिला. मज्झिमनिकायातल्या महासच्चक सुत्तात ते स्वतःच सांगतात की, पोटाला हात लावला तर हाताला पाठीचा कणा लागे आणि अंगावरून हात फिरवला तर केस मुळासकट गळून पडत. एवढे करूनही ज्ञान झाले नाही. तेव्हा लहानपणी जांभळीच्या सावलीत बसले असताना सहज लागलेले ध्यान त्यांना आठवले आणि त्यांनी अन्न घेतले. सारनाथच्या पहिल्या प्रवचनात त्यांनी भोगविलास आणि देहदंड ही दोन्ही टोके सोडायला सांगितली. मग त्याच तथागतांच्या संघात स्मशानात राहणारे आणि रात्रभर न झोपणारे भिक्खू कसे?

याचे उत्तर आम्हाला महासकुलुदायी सुत्तात मिळाले. हे सुत्त प्रत्येक विहारात एकदा तरी वाचले जावे असे आम्हाला वाटते. राजगृहात सकुलुदायी नावाचा एक परिव्राजक तथागतांना म्हणतो की, आपण अल्पाहारी आहात, मिळेल त्या चीवरात, मिळेल त्या भिक्षेत आणि मिळेल त्या निवासात संतुष्ट आहात, एकांतात राहता, म्हणून आपले शिष्य आपला आदर करतात. दुसरा कोणी गुरू असता तर ही स्तुती गोड मानून गप्प बसला असता. तथागत म्हणतात, नाही उदायी. माझे काही शिष्य वाटीभर, अर्धी वाटी किंवा बेलफळाएवढे अन्न खाऊन राहतात, मी मात्र कधी कधी हे पात्र काठोकाठ भरून जेवतो. माझे काही शिष्य स्मशानातल्या चिंध्या नेसतात, मी गृहस्थांनी दिलेली तलम वस्त्रेही नेसतो. काही शिष्य आठ महिने छपराखाली येत नाहीत, मी लिंपलेल्या, कड्या लावलेल्या घरातही राहतो. काही पंधरवड्याला एकदाच उपोसथापुरते संघात येतात, मी भिक्खू, उपासक, राजे यांच्या गर्दीत असतो. तेव्हा अल्पाहारामुळेच जर माझा मान असता, तर त्या शिष्यांनी मला मान दिला नसता! आपल्याला मान आहे तो शील, ज्ञान, प्रज्ञा, चार आर्यसत्यांचा उपदेश आणि मार्ग यांमुळे, असे ते पुढे सांगतात.

म्हणजे धुतांग पाळणारे शिष्य होते, त्यांना शास्त्याने कमी लेखले नाही, आणि त्यांच्यापेक्षा आपण सुखाने राहतो हे सांगायला शास्ता लाजलाही नाही.

विनयपिटकात उपसेन वंगन्तपुत्त या भिक्खूची एक हकिगत आहे. हे सारिपुत्तांचे धाकटे भाऊ. तथागत एकांतात होते आणि भिक्षा आणून देणाऱ्याखेरीज कोणी भेटायला येऊ नये असे ठरले होते. त्या वेळी उपसेन आपल्या शिष्यांसह आले. सगळेच रानात राहणारे, भिक्षेवर जगणारे, चिंध्यांचे चीवर घालणारे. तथागतांनी त्यातल्या एका शिष्याला विचारले, ही चिंध्यांची चीवरे तुला आवडतात का? तो सरळ म्हणाला, नाही भन्ते, आवडत नाहीत. मग का घालतोस? तर म्हणे, माझे उपाध्याय घालतात म्हणून मी घालतो. या शिष्याचा प्रामाणिकपणा आम्हाला फार भावला. आपल्यापैकी कितीजण उपोसथाला पांढरे कपडे घालतात, आणि कितीजणांना कोणी असे विचारले तर खरे उत्तर देता येईल? तथागतांनी उपसेनांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, आपल्याकडे उपसंपदा मागणाऱ्याला ते आधीच सांगतात : मी असा राहतो, तुला असे राहायचे असेल तरच ये. तथागतांनी त्यांची प्रशंसा केली. गुरू आणि शिष्य यांच्यात हा करार आधीच उघड झाला होता, हे इथे महत्त्वाचे.

याउलट देवदत्ताची गोष्ट. चुल्लवग्गात ती विस्ताराने आहे. देवदत्ताने पाच मागण्या पुढे केल्या : भिक्खूंनी जन्मभर रानातच राहावे, जन्मभर भिक्षेवरच राहावे, जन्मभर चिंध्याच नेसाव्यात, जन्मभर झाडाखालीच राहावे आणि मासे-मांस खाऊ नये; जो हे मोडेल तो दोषी. यातल्या चार मागण्या म्हणजे आपली धुतांगेच की! वरवर पाहता देवदत्त तथागतांपेक्षा जास्त वैराग्यशील दिसतो आणि त्याचा डावही तोच होता, कारण तथागत नाही म्हणतील हे त्याला ठाऊक होते. तथागत म्हणाले, ज्याला रानात राहायचे त्याने रानात राहावे, ज्याला गावात राहायचे त्याने गावात. ज्याला भिक्षा मागायची त्याने मागावी, ज्याला आमंत्रण घ्यायचे त्याने घ्यावे. झाडाखाली राहायला पावसाळा सोडून आठ महिने त्यांनी परवानगी दिलेलीच होती. मांसाबाबत, आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंका नाही, तर चालेल. देवदत्ताने बोभाटा केला की श्रमण गौतम चैनीकडे झुकला. वैशालीचे पाचशे नवे भिक्खू त्याच्या बाजूने शलाका उचलून त्याच्यामागे गयाशीर्षाला गेले. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांनी जाऊन, उपदेश करून त्यांना परत आणले. पाचशे भिक्खू फुटले ते भोगासाठी नव्हे, जास्त कडक नियमांच्या मोहाने फुटले, याकडे आमच्या जुन्या उपासकांनी जरूर लक्ष द्यावे.

फरक एकाच शब्दाचा आहे. तथागत 'इच्छा असेल त्याने' म्हणतात, देवदत्त 'सगळ्यांनी' म्हणतो.

हा फरक आपल्याइतका दुसऱ्या कोणाला कळणार? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे नेसावीत असा दंडक आहे, आणि गावकीच्या कामात मढ्यावरचे कापड हा आपल्या वाडवडिलांचा 'हक्क' म्हणून सांगितला जात असे. पंसुकूलिक भिक्खूचे वर्णन वाचताना आमच्या तरुणांच्या अंगावर शहारा येतो तो यामुळेच, आणि तो योग्यच आहे. ते वस्त्र लादलेले होते. ग्रंथ १९२७ साली महाडला जाळला गेला, तो त्या लादण्यासाठी. पण तेच स्मशानातले वस्त्र श्रीमंत ब्राह्मण कुळात जन्मलेला महाकस्सप आपल्या हाताने उचलतो, धुतो, शिवतो आणि अंगावर घेतो, तेव्हा जातीच्या शिडीवरून आपण होऊन खाली उतरण्याची ती खूण होते.

महाकस्सप धुतांगधारी भिक्खूंमध्ये अग्र मानले जातात. ते वृद्ध झाले तेव्हा वेळुवनात तथागतांनी त्यांना म्हटले की, कस्सपा, तू थकलास, ही जड चीवरे तुला झेपत नाहीत, आता गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घे, आमंत्रणे घे आणि माझ्याजवळ राहा. शास्ता स्वतः सोड म्हणतो आहे! कस्सपांनी नम्रपणे नकार दिला आणि दोन कारणे सांगितली : यात मला स्वतःला सुख आहे, आणि पुढे येणाऱ्यांना उदाहरण मिळेल. तथागतांनी मग आग्रह केला नाही. ज्याला इच्छा असेल त्याने, हे तत्त्व इथेही लागू झाले.

उदान ग्रंथात कस्सपांची आणखी एक आठवण आहे. राजगृहाजवळ ते आजारातून उठले आणि भिक्षेला निघाले. देवता त्यांना भिक्षा द्यायला पुढे आल्या, असे वर्णन आहे. देवतांचा भाग ज्याला पटत नाही त्याने तो सोडावा, पण पुढचे सोडू नये : त्यांना बाजूला करून कस्सप गेले ते गरिबांच्या गल्लीत, कंगालांच्या गल्लीत, विणकरांच्या गल्लीत. थेरगाथेत तर ते एका महारोग्याच्या हातची भिक्षा घेतात. ती वाढताना त्या माणसाचे झडलेले बोट पात्रात पडते आणि कस्सप भिंतीशी बसून ते अन्न किळस न करता खातात. आता सपदानचारिक हे धुतांग पुन्हा वाचा : ओळीने जायचे, घर गाळायचे नाही, चांगले वाढणारे दार शोधायचे नाही. चंद्राचे जसे सर्व घरांशी सारखेच नाते तसे भिक्खूचे, असे विसुद्धिमग्ग सांगतो. अन्नाच्या शिवाशिवीवर उभ्या असलेल्या या देशात दाराची निवड न करणे म्हणजे काय, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्हाला तेरांपैकी हेच सर्वात मोठे वाटते.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात एक प्रश्न ठेवला आहे. भिक्खू निर्माण करण्यामागे तथागतांचा हेतू परिपूर्ण माणूस घडवण्याचा होता की लोकांची सेवा करणारा माणूस घडवण्याचा? नुसताच परिपूर्ण माणूस असेल तर तो धम्माच्या प्रसाराला उपयोगी नाही. समाजसेवक असेल तर बौद्ध धम्माला आशा आहे, असा त्यांचा रोख. बैठकीत तरुणांनी याचाच आधार घेतला होता आणि तो बिनतोड वाटला होता. आम्हाला मात्र आता वाटते की, ज्याच्या गरजा एका पात्रात आणि तीन चीवरांत मावतात त्याला कुठल्याही वस्तीत जाऊन राहता येते. ज्याला वेगळी खोली, वेगळी गाडी, वेगळे जेवण लागते त्याला जिथे ते मिळेल तिथेच जावे लागते. हलके ओझे सेवेच्या आड येत नाही. अर्थात ओझे हलके आहे आणि सेवाही नाही, असा भिक्खूही असू शकतो. ते धुतांगावरून ओळखता येणार नाही.

मग ओळखायचे कसे? अंगुत्तरनिकायात अरण्यवासी पाच प्रकारचे सांगितले आहेत : कोणी मूढपणामुळे रानात राहतो, कोणी लोभाने, नाव व्हावे म्हणून, कोणी चित्तभ्रमामुळे, कोणी बुद्धांनी याची स्तुती केली आहे म्हणून, आणि कोणी अल्पेच्छता, संतुष्टी, एकांत यांसाठी. दुधापासून दही, दह्यापासून लोणी, लोण्यापासून तूप आणि त्याचाही वरचा सार जसा श्रेष्ठ, तसा हा पाचवा. चिंध्या नेसणारे, झाडाखाली राहणारे, स्मशानात राहणारे, एकदा जेवणारे यांनाही हेच पाच प्रकार लावले आहेत. विसुद्धिमग्गात आणखी एक मार्मिक वाटणी आहे. बाक्कुल थेर धुतांग पाळीत, पण दुसऱ्यांना सांगत नसत. उपनंद सांगत, पण पाळीत नसत. लाळुदायी दोन्ही करीत नसत, आणि सारिपुत्त पाळीत आणि सांगतही. उपनंदांचे वंशज मंचावर आम्ही पाहिले आहेत, असो.

अल्पेच्छतेचा एक अर्थ आपले व्रत दिसू न देणे असाही आहे. श्रीलंकेत चेतियपर्वतावर, म्हणजे आजच्या मिहिंतलेला, दोन भाऊ थेर राहत. धाकट्या भावाला कोणा उपासकाने उसाचे करवे पाठवले. ते घेऊन तो थोरल्याकडे गेला. थोरल्याचे जेवण होऊन तोंड धुऊन झाले होते. ते 'नको' म्हणाले. धाकट्याने विचारले, भन्ते, आपण एकासनिक आहात की काय? हे ऐकताच थोरले म्हणाले, आण तो ऊस. पन्नास वर्षे पाळलेले धुतांग त्यांनी उसाच्या कांड्यासाठी मोडले, ते लपून राहावे म्हणून. ऊस खाऊन पुन्हा तोंड धुतले आणि पुन्हा नव्याने संकल्प घेतला.

ही गोष्ट वाचली त्या दिवशी आम्हाला वाटले, आमच्या भन्तेंनीही खीर घ्यायला हवी होती. पण नंतर विचार केला तेव्हा दोन्ही प्रसंग सारखे वाटेनात. थोरल्या थेरांपुढे प्रश्न मोठेपणा लपवण्याचा होता. आमचे भन्ते सव्वीससत्तावीस वर्षांचे, नवे. स्वतःला दिलेला शब्द दर पौर्णिमेला कोणाच्या तरी प्रेमासाठी मोडत गेले तर शब्दच उरणार नाही. दोष असेल तर एवढाच, की दोन शब्द त्यांनी आधी कोणाला तरी सांगून ठेवायला हवे होते, आणि आम्ही तीन महिने भन्तेंना सांभाळतो म्हणवणाऱ्यांनी त्यांना ते विचारायला हवे होते. उपसेन शिष्यांना आधी सांगत होते, ते यासाठीच.

एक कथा मात्र आमच्या गळ्याखाली उतरत नाही. धम्मपदाच्या पहिल्या गाथेवरच्या अट्ठकथेत चक्खुपाल थेर तीन महिने आडवे न होण्याचा संकल्प करतात. डोळे दुखू लागतात, वैद्य आडवे होऊन औषध घालायला सांगतो, ते आडवे होत नाहीत आणि अर्हत्त्व प्राप्त होते त्याच वेळी त्यांचे डोळे जातात. अट्ठकथेचा सूर गौरवाचा आहे. पण ध्यान घटत असेल तर सोडावे म्हणणारा विसुद्धिमग्ग आणि जांभळीखालचे ध्यान आठवून अन्न घेणारे तथागत यांच्याशी ही कथा कशी जुळवायची, ते विद्वानांनी सांगावे. आमच्या विद्यार्थ्यांनी तिचे अनुकरण करू नये, एवढे आम्ही स्पष्ट लिहून ठेवतो.

धुतांग ही केवळ पोथीतली गोष्ट राहिलेली नाही. थायलंडच्या ईशान्य भागात आचार्य मन (१८७० ते १९४९) आणि त्यांच्या शिष्यांनी रानात पायी फिरत, एकदा एका पात्रात जेवत, मच्छरदाणी लावलेल्या मोठ्या छत्रीखाली रात्र काढत ही परंपरा पुन्हा उभी केली. थाई भाषेत अशा पायी भ्रमंतीला 'थुदोंग' म्हणतात, तो आपल्या धुतंगाचाच अपभ्रंश. त्यांना भेटून प्रेरणा घेतलेल्या आचार्य चा (१९१८ ते १९९२) यांनी १९५४ साली उबोन प्रांतात स्थापलेल्या अरण्यविहारात पुढे पाश्चात्त्य तरुणही येऊन भिक्खू झाले.

आपल्यासाठी सर्वात कामाची माहिती विसुद्धिमग्गाच्या त्याच प्रकरणाच्या शेवटी आहे. तेरा धुतांगे भिक्खूंना, आठ भिक्खुणींना (एकटीने रानावनात राहू नये असा विनय असल्याने काही कमी होतात), बारा सामणेरांना, आणि दोन उपासक-उपासिकांना. ती दोन म्हणजे एकासनिक आणि पत्तपिंडिक : एकदाच बसून जेवणे आणि एकाच भांड्यात घेऊन जेवणे. कोणाला करून पाहायचे असेल तर एखाद्या पौर्णिमेला करावे. तब्येत सांभाळावी, मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी आणि परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. संकल्प बुद्धमूर्तीसमोर मनातल्या मनात घेता येतो. विहाराच्या फळ्यावर नावे लिहू नयेत.

आजींकडे आम्ही दोघेतिघे गेलो आणि हे सगळे, जमेल तसे, त्यांना सांगितले. कस्सपांची विणकर गल्ली त्यांना आवडली. खलु पक्ष्याला त्या हसल्या. खिरीचे सांगितले तेव्हा जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग आधी सांगायचं न्हाई व्हय रं? म्या पहाटंच केली असती."

संस्थेने आता ठरवले आहे की, वर्षावासाला येणाऱ्या भन्तेंना पहिल्याच दिवशी एका जबाबदार सभासदाने खासगीत विचारावे की भोजनाबाबत काही पाळता काय, आणि भोजनदान देणाऱ्या घरांना तेवढेच कळवावे. कारण सांगत बसू नये. डबे पावणेअकरापर्यंत विहारात पोचावेत. येत्या आषाढ पौर्णिमेच्या भोजनदानाच्या यादीत पहिले नाव आजींचे आहे.